कुत्र्यालासुद्धा

खजुराच्या बीला एका अंगाला लांब खाच असते आणि तिच्या नेमकी उलट बाजूला, मधोमध, एक गोल ठिपका असतो. मोहरीच्या दाण्याहून लहान. बी पाण्यात भिजत घातली की बाकीची तशीच दगडासारखी राहते, पण तो ठिपका तेवढा मऊ पडतो. मातीत पुरली असती तर कोंब तिथूनच आला असता. पाट्यावर ठेवताना ठिपका वर आला तर बी एका घावात फुटते; नाही आला तर निसटते आणि उडून भिंतीवर आपटते. बुसासाला हे या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी बियांकडे इतकं निरखून पाहायची तिला कधी गरज पडली नव्हती. पूर्वी बाबिलोनमध्ये खजुराच्या बिया सोनारांच्या भट्टीत जात, नाहीतर बैलांच्या आंबोणात. आता बैल उरले नव्हते आणि त्यांचं आंबोण माणसांकडे आलं होतं.

एक बी निसटली. हम्मायाने ती बसल्या जागेवरून हवेतच झेलली.

"घ्या अक्का. बीसुद्धा शहर सोडून पळायला बघतेय."

हम्माया भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. तिला आठवा महिना होता. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट तेवढं पुढं, दोरीला मारलेल्या गाठीसारखं. ती दिलबातकडच्या एका वाडीतली. वेढा पडायच्या दिवशीच नवऱ्याबरोबर खजुराच्या टोपल्या विकायला ती झबाबाच्या वेशीतून आत आली आणि तिच्यामागे वेस बंद झाली. नवऱ्याला राजाच्या माणसांनी विटा वाहायला दक्षिणेच्या तटावर नेलं. अधूनमधून तो येऊन जाई. वसंतात त्याचं येणं थांबलं आणि कुणी निरोपही आणला नाही. हम्मायाला घरात ठेवून घेतलं ते बुसासाच्या नवऱ्याने, बलातूने. "माझ्या हाळीवर आत आलीय," तो म्हणाला होता, "आता मी तिला कुठं जा म्हणू?"

बलातूचं घराणं त्या वेशीचं. रोज पहाटे अडसर काढायच्या आधी या घरातल्या माणसाने वेशीच्या पायरीवर उभं राहून हाळी द्यायची: या वेशीतून जो आत येईल त्याला अभय, कुत्र्यालासुद्धा. मग अडसर सरकायचा. हाळीवाचून अडसराला हात लावायचा नाही, हे राजांच्याही आधीपासून चालत आलेलं. मार्दुकदेवाच्या या शहरात पाय ठेवला त्याला कुणी मारायचं नाही, असा त्या हाळीचा अर्थ. बलातू हिवाळ्यात तापाने गेला. त्याला मूल नव्हतं. तेव्हापासून हाळी बुसासाची होती, पण वेस बंदच असल्यामुळे तिने ती एकदाही दिली नव्हती.

आणि आता ती द्यायची वेळ आली, तर तिचा घसा बसला होता.

निदान राजवाड्याला तरी तसं सांगितलेलं होतं.

"झोपेत मात्र खणखणीत बोलता हं तुम्ही," हम्माया म्हणाली. "काल म्हणत होतात, तो रांजण उचला. माझी घाबरून झोप गेली."

"हळू," बुसासा कुजबुजली.

"मी हळूच बोलतेय. माझ्यात जोर कुठाय."

बाहेर तटापलीकडून राजाच्या धाकट्या भावाच्या दवंडीवाल्याचा आवाज सुरू झाला. तो रोज याच सुमाराला बांधावर चढे. म्हातारा राजा जाताना दोन मुलांत वाटणी करून गेला होता: धाकट्याला निनवेचं मोठं सिंहासन आणि सगळी फौज, थोरल्याला बाबिलोन. बरीच वर्षं दोघं एकमेकांना 'माझा लाडका भाऊ' म्हणून भेटी पाठवत होते. मग भाऊबंदकी निघाली आणि धाकट्याने येऊन शहराभोवती मातीचा बांध घातला. आता त्याचा दवंडीवाला ओरडत होता, की बाबिलोनकरांनो, त्या नभावाचं ऐकू नका. तो माझा भाऊ नव्हे, नभाऊ आहे. माझे खरे भाऊ तुम्ही. तुमच्या केसालाही मी धक्का लावणार नाही.

"भाऊच नाही तर वाटणीचं भांडण कसलं?" हम्माया म्हणाली. "जा की मग घरी."

बुसासाला हसू आलं आणि हसताना आवाज फुटू नये म्हणून तिने तोंडावर पदर धरला. तेवढ्यात दार वाजलं.

इद्दिनाया राजवाड्याचा कारभारी होता. मऊ आवाजाचा, स्वच्छ माणूस. त्याच्या वस्त्राला अजून झालर होती आणि झालरीला चुरगळ नव्हती. मागच्या हिवाळ्यात कुत्र्यांचा प्रश्न आला तेव्हा निवाडा यानेच देवळातून आणला होता. लोक उपाशी होते, गल्लीत कुत्री होती आणि हाळीत तर 'कुत्र्यालासुद्धा' असं स्पष्ट होतं. पुजाऱ्यांनी खल केला आणि सांगितलं, की अभय 'आत येणाऱ्या' कुत्र्याला आहे. जे इथंच जन्मलं ते आत आलेलंच नाही. त्यानंतर बाबिलोनमधलं प्रत्येक कुत्रं बाबिलोनमध्ये जन्मलेलं निघालं. लोकांनी मार्दुकाची शपथ घेऊन तसं सांगितलं आणि खाल्लं. बुसासानेही खाल्लं होतं. ते कुत्रं बाहेरून आलं तेव्हा त्याच्या पायाला ओलांडलेल्या कालव्याचा चिखल तिने पाहिला होता, तरीही खाल्लं होतं.

"बुसासाबाई, आवाज कसा आहे?" इद्दिनायाने विचारलं.

बुसासाने गळ्याला हात लावून मान हलवली.

"तसाच आहे म्हणतात," हम्माया म्हणाली. "उलट जास्तच."

"मान हलवण्यात एवढं सगळं होतं?"

"आमच्याकडे असतं साहेब. बियांचं पीठ खाऊन मानेला बोलायला शिकवलंय."

इद्दिनायाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पहिल्यापासूनच तिच्याकडे पाहत नव्हता. ती तिथं पाय पसरून बसलेली असताना तो तिच्याविषयीच बोलत होता, आणि पाटा, उखळ, खुंटीवरची टोपली या सगळ्यांकडे नजर फिरवत होता.

"हे पाहा बाई, तुमची अडचण मला समजते. पण फार दिवस झाले. जे बाहेरून आलेत, त्यांच्यातल्या कामाच्या पुरुषांना ठेवून घ्यायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या गावी जाऊ द्यायचं, एवढंच आहे. मारायचं कुणालाच नाही. बाहेर काढणं म्हणजे मारणं नव्हे. तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं: या वेशीतून जे आत आले त्या सगळ्यांचं अभय या घराने परत घेतलं. तुमच्याच घराने दिलेलं, तुमच्याच घराने परत घेतलं. मग राजाकडे दोष येत नाही, देवापुढं जाब द्यावा लागत नाही. रीतीने झालं."

नदीकडच्या वेशीवर ते रीतीने झालं नव्हतं. तिथल्या घराण्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून शिपायांनी हाळीवाचून अडसर ओढला आणि लोकांना बाहेर ढकललं. पुढच्याच पंधरवड्यात तिथला तट खचला. शहरभर बोललं गेलं, की मार्दुकाने पाठ फिरवली. म्हणून आता राजवाड्याला बुसासाचा घसा हवा होता.

"राजवाड्याने तुमच्यासाठी हे पाठवलंय," इद्दिनाया म्हणाला आणि त्याने झालरीखालून एक लहान बुधली काढली. "तूप आणि खजुराचा मध. सकाळ-संध्याकाळ बोटभर. घसा मोकळा होईल. उद्या पहाटे आम्ही वेशीवर येतो. यापुढे थांबता येणार नाही. वेशीच्या घराचा शिधा आम्ही आजवर कधी अडवलेला नाही, हे लक्षात असू द्या."

तो गेला. बुसासाने बुधलीच्या तोंडावरचं फडकं काढलं.

वास आधी आला. तूप ताजं होतं. जुन्या तुपाला जो खवट, धातूसारखा वास येतो तो याला नव्हता. म्हणजे राजवाड्यात कुठंतरी अजून गाय होती. गाय होती म्हणजे तिच्यापुढं गवत होतं, आणि गवत असेल तर तिच्यापुढं जवही पडत असणार. बुसासाच्या मनाने हे एकेक पायरी उतरावी तसं शोधलं, आणि शेवटच्या पायरीवर आल्यावर तिने हातातलं फडकं पाट्यावर आपटलं.

सगळं संपलंय, असं ती समजत होती. सगळ्यांचंच संपलंय, राजाचंही. लोकांनी पखाली उकळून खाल्ल्या होत्या, चपलांचे बंद खाल्ले होते. समोरच्या नादिनने मुलगी एका सराफाच्या घरी दिली होती, 'हिला जगवा' एवढंच म्हणून. त्या बाईला बोटभर तूप कुणी पाठवलं नव्हतं. या पोरीच्या पोटात मूल वाळत चाललं होतं, त्याला नाही. आणि माणसांना वेशीबाहेर ढकलायचं एक वाक्य नीट उच्चारता यावं, म्हणून तूप होतं. मध होता.

"खा," बुसासा म्हणाली. कुजबुजली नाही.

"अहो, तुमच्या घशासाठी—"

"माझा घसा ठणठणीत आहे. खा म्हटलं ना."

हम्मायाने बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. मग तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती बोट चोखत होती.

"लाथ मारली," ती शेवटी म्हणाली. "कित्येक दिवसांनी मारली मेल्याने. अक्का, हा राजवाड्याच्या बाजूचा निघणार. तूप बघून जागा झाला."

संध्याकाळच्या आधी रिमूत आला. तो बलातूचा चुलतभाऊ, अडसराच्या गड्यांचा मुकादम. दारातच उकिडवा बसला. बुधलीकडे त्याची नजर गेली, तशी त्याने ती लगेच दुसरीकडे वळवली. बुसासाने त्याच्यापुढं बुधली केली. त्याने नको म्हणून हात केला आणि मग तोच हात गुडघ्याखाली दाबून ठेवला.

"वहिनी, नदीकडच्या वेशीवर मी त्या दिवशी तटावर होतो," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"सांगा भावजी."

"ते लोक बांधापर्यंत गेले. धाकट्याच्या शिपायांनी भाले पुढं केले. तो दवंडीवाला वर उभा राहून ओरडतच होता, तुम्ही माझे भाऊ, तुम्ही माझे भाऊ. आणि खालून भाले. मग ते लोक परत तटाखाली आले. आम्ही वरून बघत होतो. वेस बंद. मधल्या पट्ट्यात पाणी नाही, झाड नाही. ते आमच्याकडे बघून हात करायचे. आधी खूप हात होते." तो थांबला. "बाहेर काढणं म्हणजे मारणं नव्हे म्हणतो तो. त्याला एकदा तटावर नेलं पाहिजे."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. मी अडसराचा माणूस. तुम्ही वाक्य बोललात तर माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही. नाही बोललात तर मला ओढता येणार नाही, माझ्या गड्यांनाही नाही, मग शिपायांनी काहीही करो. मला तेवढंच सांगायचं होतं." त्याने हम्मायाकडे पाहिलं. "पोरी, कशी आहेस?"

"दोन भावांच्या मधे सापडलेय मामा. बाहेरचा म्हणतो, मी तुझा भाऊ. आतला म्हणतो, मी तुझा बाप. आणि जेवायला घालतंय कोण? ही मुकी बाई."

रिमूत हसला नाही. "सगळ्यांचं अभय परत घ्यायचं, असंच बोलायचंय ना? या वेशीतून आलेल्या सगळ्यांचं?"

"हो," बुसासा म्हणाली.

"सगळ्यांचं!" हम्माया म्हणाली. "म्हणजे थोरल्यांचंही की. ते काय इथं जन्मलेत? निनवेहून आले ना मिरवत? कुठून आले होते मामा, आकाशातून?"

रिमूतने दाराबाहेर डोकं काढून गल्लीत पाहिलं.

"तोंड आवर," तो म्हणाला.

"आवरते. पण कुठून आले होते?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. ते शहरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला माहीत होतं. थोरले राज्यावर बसायला आले ते याच वेशीतून. बुसासा तेव्हा या घरात नवी सून होती. गर्दी एवढी होती, की तिला माळवदावर चढून पाहावं लागलं. सासरे पायरीवर उभे होते. निनवेचा तो राजपुत्र रथातून उतरला, पायी वेशीपाशी आला आणि परक्या माणसासारखा थांबला. सासऱ्यांनी हाळी दिली. कुत्र्यालासुद्धा, हे शब्द आले तेव्हा राजपुत्राच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं. मग तो आत आला. लोकांनी त्याच्या पायांवर जव उधळले होते. जव!

रिमूत गेल्यावर बुसासाने उरलेल्या बिया पाण्यात घातल्या. तिच्या मनात दोन गोष्टी होत्या आणि ती त्या तपासत होती. उद्या आपण नाही म्हटलं तर शिधा बंद होईल, म्हणजे हिवाळा आपण पाहणार नाही. कदाचित त्याच्याही आधी, तिथंच पायरीवर, एखादा शिपाई हात चालवेल. दुसरी गोष्ट: हो म्हटलं तर हम्माया तटाखालच्या त्या पट्ट्यात बाळंत होईल, आणि तिचा हात वर आलेला आपल्याला घरातून दिसणार नाही. एवढीच सोय. इतके दिवस मुकं राहून आपण तिला वाचवत होतो असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे आपण फक्त हे दोन्ही पुढं ढकलत होतो, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

पहाटे वेशीपुढच्या चौकात लोक आणून उभे केले होते. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं. काहींनी गाठोडी बांधली होती, जणू खरंच गावी निघाले होते. एक म्हातारी घराची किल्ली हातात घेऊन उभी होती. गल्लीच्या तोंडाशी गावातलेच लोक उभे होते. ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते, कारण बाहेरचे गेले की आपल्या वाट्याला मूठभर जास्त येईल, हा हिशेब प्रत्येकाने केलेला होता. शिपायाने हम्मायाला दंडाला धरून रांगेत उभं केलं.

"हळू रे," ती म्हणाली. "आत पाहुणा आहे."

इद्दिनाया पायरीशेजारी उभा होता. रिमूत आणि त्याचे गडी अडसराला हात लावून तयार होते. देवदाराचा तो अडसर दोन उन्हाळे हलला नव्हता आणि त्याच्या खोबणीत कोळ्यांनी घरं केली होती. तटापलीकडून दवंडीवाला ओरडायला लागला: माझ्या भावांनो, माझ्या भावांनो.

बुसासा पायरीवर चढली. पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती. सासरे, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, सगळे नेमके त्याच जागी उभे राहत आले होते. तिची टाच त्या खळग्यात बरोबर बसली.

"बोला बाई," इद्दिनाया म्हणाला. "हळू आवाजात बोललात तरी चालेल."

"या वेशीतून जो आत आला," बुसासा म्हणाली, आणि तिचा आवाज चौकाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत आला, "त्याला अभय आहे. कुत्र्यालासुद्धा."

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. इद्दिनायाने हात वर केला.

"ते झालं. आता पुढचं वाक्य. परत घेतल्याचं."

"कुणाचं परत घ्यायचं?"

"सांगितलंय ना तुम्हाला? या वेशीतून आलेल्यांचं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "एकूणएक. त्यात काय विचारायचं?"

बुसासाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने हम्मायाकडे पाहिलं. हम्मायाच्या लक्षात आलं असावं, कारण तिने दोन्ही हात पोटावर घेतले आणि मान नाही-नाही अशी हलवली. नको अक्का. ते नका बोलू.

"मग राजवाड्यात निरोप पाठवा," बुसासा म्हणाली. "थोरले निनवेहून आले ते याच वेशीतून. मी माळवदावरून पाहिलंय, तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलंय. माझे सासरे या पायरीवर उभे होते आणि राजपुत्र तिथं, वेशीच्या बाहेर, हाळीची वाट बघत थांबला होता. जे अभय त्यांना, तेच हिला. त्यांना बोलवा. आधी त्यांनी बाहेर पाऊल टाकावं, त्यांच्या भावाने त्यांना कडेवर घ्यावं, मग बाकीच्यांचं बघू. तोवर या घराने दिलेलं अभय मी कुणाचंही परत घेत नाही. भावजी, अडसरावरचा हात काढा."